पुण्यात घरच्या घरी रोमेन लेट्यूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की लेट्यूसचे मेसेज यायला लागतात ते पार संक्रांतीपर्यंत येतच राहतात. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळे एकत्र करून उत्तरं लिहिलीत. हे सगळं पुण्याच्या हवेला धरून आहे, कोकणात किंवा विदर्भात राहत असाल तर तारखा पुढेमागे होतील. आणि एक गोष्ट आधीच सांगते, लेट्यूसमध्ये माती, खत, कुंडी हे सगळं नंतरचं, पेरायची वेळ साधली की बाकीचं बरंच आपोआप जमतं.

१. रोमेन म्हणजे नक्की कुठलं? बर्गरमध्ये असतं तेच का?

बर्गरमध्ये बहुतेक वेळा आइसबर्ग असतं, कोबीसारखा गोल घट्ट गड्डा होणारं. रोमेन उभं वाढतं, लांबट पानं, मधोमध जाड पांढरट शीर आणि चावल्यावर कुरकुरीत. सीझर सॅलडमध्ये घालतात ते हेच. घरी लावायला आइसबर्गपेक्षा रोमेन खूप सोपं, कारण आइसबर्गचा गड्डा घट्ट व्हायला बराच काळ सलग थंडी लागते, रोमेनचं मात्र गड्डा नाही धरला तरी पानं खाता येतात. अगदी पहिल्यांदा काही लावत असाल तर सुट्या पानांचं लेट्यूस त्याहून सोपं आहे, पण रोमेनपासून सुरुवात केली तरी काही अडणार नाही.

२. पुण्यात येतं का खरंच? इथे तर केवढं गरम होतं.

येतं, आणि छान येतं, फक्त चार महिने पकडायचे. लेट्यूसला १५ ते २२ अंशाची हवा आवडते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री पारा १०-१५ च्या आसपास असतो, दुपारी ३० पर्यंत जातो पण हवा कोरडी आणि रात्र थंड, त्यामुळे रोप सावरतं. पाषाण, एनडीए, हडपसरच्या मोकळ्या भागात तर पेठांपेक्षा पहाटे जास्त गार असतं, तिकडच्या लोकांची पानं जास्त कुरकुरीत येतात असं मी दरवर्षी बघते.

३. मग पेरायचं नेमकं कधी?

पहिली पेरणी दसऱ्यानंतर. ऑक्टोबर हीटमध्ये घाई करून पेरलं तर बी उगवत नाही (का ते प्र. ४ मध्ये आहे) आणि उगवलंच तर रोप लुळं राहतं. दिवाळीच्या आसपासची पेरणी सगळ्यात खात्रीची. तिथून पुढे दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहायचं, एका वेळी सात-आठ रोपं होतील एवढंच, म्हणजे सगळं एकदम तयार होऊन शेजारीपाजारी वाटत बसायची वेळ येत नाही आणि घरात सलग पानं मिळतात. शेवटची पेरणी संक्रांतीच्या आत उरकायची. पेरल्यापासून पूर्ण गड्डा व्हायला साधारण ६५ ते ७५ दिवस लागतात, म्हणजे १० जानेवारीला पेरलेलं मार्चच्या मध्यानंतर तयार होणार आणि तोवर पुण्यात उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. फेब्रुवारीत पेरायचंच असेल तर गड्ड्याची आशा न धरता कोवळी पानं काढायला पेरा, ती महिन्याभरात मिळतात.

४. बी टाकून दहा दिवस झाले, काहीच उगवलं नाही. बी खराब आहे का?

दरवेळी बी खराब नसतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो जवळजवळ नेहमी ऑक्टोबरमध्येच येतो, यातच उत्तर आहे. लेट्यूसचं बी २७-३० अंशाच्या वर गेलं की झोपून जातं, ओल असली तरी उगवत नाही, निसर्गातली त्याची ती सोयच आहे, उन्हाळ्यात उगवून मरण्यापेक्षा थांबलेलं बरं. दुसरं कारण म्हणजे खोल पेरणं. या बियाला उगवायला उजेड लागतो, मेथी-धण्यासारखं मातीत गाडलं तर ते बसून राहतं.

करायचं असं: टिश्यू पेपर ओला करून पिळून घ्या, त्यावर बी पसरा, घडी घालून डबीत ठेवा आणि डबी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात. मग बाहेर काढून लगेच ट्रेमध्ये भिजवलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवा, वरून इतकंच बारीक कोकोपीट भुरभुरवा की बी जेमतेम झाकलं जाईल, आणि झारीने न ओतता स्प्रेने पाणी द्या कारण बी इतकं हलकं असतं की धारेबरोबर एका कोपऱ्यात गोळा होतं. ट्रे घरात गार पण उजेडाच्या जागी, उत्तरेच्या खिडकीत वगैरे. तीन ते सात दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. दिसले रे दिसले की ट्रे लगेच उन्हात न्यायचा, सकाळच्या कोवळ्या, नाहीतर प्र. ६ मधली भानगड होते.

एवढं करूनही नाही उगवलं तर मात्र पाकिटावरची तारीख बघा. उन्हात टांगलेल्या पाकिटातलं बी घेऊच नका, दुकानात आत ठेवलेलं मागा.

५. कुंडी केवढी घ्यायची आणि माती कुठली?

मुळं उथळ असतात, ६ ते ८ इंच खोली पुरते. एका रोपाला ८ इंची कुंडी, किंवा लांबट ट्रफमध्ये २०-२५ सेंटीमीटरवर एकेक रोप. १२ इंची ग्रो बॅगमध्ये दोन मावतात, हावरटपणे चार लावली तर चारही किडकिडीत होतात. थर्माकोलचे फळांचे खोकेसुद्धा उत्तम, मुळं गार राहतात, फक्त खाली भोकं पाडायला विसरू नका.

मिश्रण: दोन भाग कोकोपीट, दोन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळ खत, एक भाग लाल माती, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पाणी फेकून द्या, कोकोपीटच्या काही विटांमध्ये मीठ बरंच असतं आणि लेट्यूसला ते सहन होत नाही. नुसती काळी माती कुंडीत वापरू नका, ओली असताना चिकट आणि वाळली की तडे. सोसायटीत पालापाचोळ्याचं खत होत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पिशवी भरून घेऊन या.

६. रोपं दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडतात, काय करू?

उजेड कमी पडतोय. लांब झालेलं रोप पुन्हा जाड होत नाही, पण वाचवता येतं: ट्रेमधून कुंडीत हलवताना देठ थोडा खोल पुरा, फक्त मधला कोंब मातीच्या वर राहू दे. कोंबात माती गेली की रोप कुजतं. रोपं आडवी पडून मातीपाशी काळी-पातळ झाली असतील तर ती मर रोगाने गेली, ती काढून टाका आणि पुढच्या वेळी पाणी कमी, वारा जास्त.

हलवायची वेळ म्हणजे चार-पाच खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली की, साधारण तीन-चार आठवड्यांनी, आणि नेहमी संध्याकाळी.

७. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे, दुपारचंच ऊन येतं. चालेल?

डिसेंबर-जानेवारीत चालेल. दिवसाला चार-पाच तास ऊन मिळालं की बास. पूर्वेची बाल्कनी यासाठी सगळ्यात भारी, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमवाल्यांनी फेब्रुवारी लागला की ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायची. अजिबात थेट ऊन नाही, नुसता उजेड आहे, असं असेल तर गड्डा होणार नाही पण कोवळी पानं मिळतील.

८. पाणी रोज द्यायचं का?

थंडीत रोज सकाळी थोडं, पण बोट घालून बघून. वरचा एक इंच कोरडा लागला तर द्या. दोन दिवस विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतायची असं केलं की पानं कडूही होतात आणि कडाही करपतात (प्र. १२, १४). बोअरचं पाणी क्षाराचं असेल, म्हणजे कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरत असतील, तर निदान अधूनमधून पिण्याच्या नळाचं पाणी भरपूर देऊन क्षार धुऊन काढा. दिवाळीला गावी जाणार असाल तर कुंड्या सावलीत एकत्र करा आणि सुती दोरीचं एक टोक बादलीत, एक मातीत असं लावून जा, चार-पाच दिवस निभावतं.

९. खत कुठलं? जीवामृत आणि ताजं शेण चालतं का?

माती नीट केली असेल तर वेगळं खत फारसं लागत नाही. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळ खत, किंवा व्हर्मीवॉश (गांडूळ खतातून झिरपलेलं पाणी) दहापट पाण्यात. बास. युरिया टाकून पानं भराभर वाढतात खरी पण ती लुसलुशीत पानं म्हणजे माव्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांना, आमंत्रण.

आता शेणाचं, कारण इथे मला लोकांशी थोडं भांडायला लागतं. बाकीच्या पालेभाज्या आपण शिजवतो, लेट्यूस कच्चं खातो. ताज्या शेणात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, त्यात ई. कोलाय पण आला. अमेरिकेत २०१८ च्या वसंतात रोमेनमुळेच ई. कोलायची मोठी साथ आली होती, २१० लोक आजारी पडले आणि ५ दगावले, आणि शेताजवळच्या कालव्याच्या पाण्यात तोच जंतू सापडला. आपली कुंडी छोटी असली तरी नियम तोच. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, मातीचा वास येणारं हवं. ताजं शेण वापरायचंच तर पीक काढायच्या किमान चार महिने आधी मातीत घालून ठेवा, म्हणजे पावसाळ्यातच. जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत) ताज्या शेणाचंच असतं, त्यामुळे तेही तेवढंच आधी मातीला द्या, वाढत्या पानांवर फवारू नका, मग ते कितीही देशी गाईचं असो.

१०. कापायचं कधी आणि कसं?

पानं वीतभर झाली की बाहेरची दोन-तीन मोडून घ्यायची, मधला कोंब आणि आतली पाच-सहा पानं ठेवायची. असं एकेक रोप महिना-सव्वा महिना देत राहतं. मला हीच पद्धत पटते, घरात चार माणसं असली तर एवढंच लागतं. अख्खा गड्डा हवा असेल तर तो उभा घट्ट झाला की मातीच्या एक इंच वर सुरीने कापा, बुडख्यातून पुन्हा थोडी पानं फुटतात. वेळ मात्र सकाळचीच, ऊन चढायच्या आधी. तेव्हा पान पाण्याने भरलेलं असतं आणि मोडताना कट् असा आवाज येतो, दुपारी तेच पान चामड्यासारखं वाकतं.

११. देठ मोडला की पांढरा चीक येतो, विषारी आहे का?

नाही. लेट्यूसला आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांना चीक असतोच. तो वाढला की कडूपणा वाढतो, एवढाच त्याचा अर्थ.

१२. पानं कडू झालीत, काही उपाय?

कडू होण्याची कारणं तीन: उष्णता, पाण्याची ओढ आणि वय. उष्णतेचं कारण असेल तर सावली करा, पाणी नियमित द्या, नवीन पानं जरा बरी येतात. काढलेली कडू पानं गार पाण्यात अर्धा तास ठेवून फ्रिजमध्ये एक दिवस ठेवली तर थोडा फरक पडतो. तरी कडू लागली तर लसणाची फोडणी देऊन परता, डाळीत घाला. तुरा यायला लागला असेल तर मात्र उपाय नाही, पुढचं वाचा.

१३. रोप मधूनच उंच व्हायला लागलं, गड्डा होतोय का?

बहुतेक नाही, ते फुलावर चाललंय. ओळखायचं कसं ते सांगते. गड्डा होताना आतली पानं एकमेकांवर चढतात आणि मधे खोड दिसत नाही. फुलावर जाताना रोपाच्या मधे डोकावलं की पानापानांत अंतर पडलेलं दिसतं, मधलं खोड बोटाएवढं जाड होऊन वर सरकतं, आणि नवीन पानं आखूड, टोकदार येतात. हे दिसलं त्याच दिवशी सगळी पानं काढून घ्या, आठवडाभर थांबलात तर कडू जहर. दिवस मोठा होणं आणि उष्णता या दोन्हींमुळे हे होतं, म्हणून आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून धडाधड सगळी रोपं उंच व्हायला लागतात. शेंडा खुडून काही उपयोग नाही. उशिरा फुलावर जाणारी जात लावणं हाच खरा इलाज, जेरिको नावाची रोमेन इस्राएलच्या गरम हवेत तयार केलेली आहे, तिचं बी मिळालं तर शेवटच्या पेरणीसाठी राखून ठेवा. एरवी पॅरिस आयलंड कॉस किंवा छोट्या कुंडीसाठी लिटल जेम.

१४. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्यात. कॅल्शियम कमी आहे म्हणून अंड्याची टरफलं घातली तरी फरक नाही.

कॅल्शियम पानाच्या कडेपर्यंत पोचत नाहीये हे खरं, पण मातीत ते बहुतेक वेळा असतं. ते पाण्याबरोबर चढतं, आणि मिटलेल्या आतल्या पानांतून पाणी कमी उडतं त्यामुळे तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. म्हणून उपाय पाण्याचा: रोज सारखं पाणी, नायट्रोजन कमी, रोपांमधे वारा खेळता. टरफलं विरघळायला खूप महिने लागतात, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. करपलेली कड कापून बाकीचं पान खुशाल खा. बाहेरची जुनी पानं करपली असतील तर मात्र क्षार किंवा ऊन, प्र. ८ बघा.

१५. पानाखाली हिरवे-काळे बारीक किडे आणि पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा आहेत. औषध सांगा.

किडे म्हणजे मावा. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानाची खालची बाजू धुवा, तीन-चार दिवस लागोपाठ, निम्म्याहून जास्त जातो. राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी. त्यानंतर आठवडाभर ती पानं खायची नाहीत, आणि कडू वासही राहतो, म्हणून काढणीच्या तोंडावर निमतेल नकोच. नागमोडी रेषा म्हणजे नागअळी, ती पानाच्या आत असते, फवारणी तिथे पोचत नाही. ते पान तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. रासायनिक कीटकनाशक कच्च्या खायच्या पाल्यावर मारू नका हे माझं ठाम मत आहे.

१६. कबुतरं रोपं उपटून टाकतात! आणि खालच्या मजल्यावर गोगलगायी.

कबुतरांना जाळीशिवाय दुसरा उपाय नाही. कमानीसारख्या वाकवलेल्या तारांवर जाळी टाका, पानांना टेकू देऊ नका नाहीतर जाळीतून टोचतात. चकचकीत सीडी वगैरेला ती आठवड्याभरात सरावतात. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून. मीठ टाकू नका, माती बिघडते. त्यांचा चिकट माग लागलेली पानं टाकून द्या.

१७. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात अजिबात नाही का?

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी २८ च्या आसपासच असतं, त्यामुळे लोकांना वाटतं हीच वेळ. पण रात्रीही दमट-उबदार, ऊन गायब, पानं सतत ओली, मग कूज आणि बुरशी. पत्र्याखाली किंवा पारदर्शक प्लॅस्टिकखाली, पाऊस न लागू देता, कोवळ्या पानांपुरतं जमतं. एप्रिल-मे सोडून द्या. तेव्हा अंबाडी, चवळी, राजगिरा लावा, त्यांना ते ऊन मानवतं.

१८. बाजारातून आणलेल्या गड्ड्याचा बुडखा पाण्यात ठेवला, पानं फुटली. आता मातीत लावू?

लावा, पण चार-पाच पानांपुढे अपेक्षा ठेवू नका, लवकरच ते फुलावर जातं. मुलांना दाखवायला छान, पीक म्हणून नाही.

१९. मातीशिवाय, नुसत्या पाण्यात वाढवता येईल का?

हो, लेट्यूस त्याला फार सोयीचं. झाकणाला भोक पाडलेला अपारदर्शक डबा, त्यात खताचं पाणी, पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप) ५.५ ते ६.५. पारदर्शक बरणी घेतली तर शेवाळं धरतं. झाकण घट्ट हवं, फट राहिली तर डास अंडी घालतील आणि पुण्यात डेंग्यू काय असतो ते वेगळं सांगायला नको.

२०. सोसायटी म्हणते गच्चीवर कुंड्यांनी गळती होते.

कुंड्या थेट फरशीवर ठेवल्या आणि पाणी साचलं तर त्यांचं म्हणणं रास्त आहे. विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, खाली ट्रे, पाणी निघायची तोंडं मोकळी. लेट्यूसच्या कुंड्या हलक्या असतात, तेवढं सेक्रेटरींना उचलून दाखवा. आणि पहिला गड्डा त्यांना द्या.

२१. धुवायचं कसं, टिकवायचं कसं?

एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली, शिरेच्या खोबणीत माती बसते तिथे बोट फिरवून. मग सुती पंच्यात गुंडाळून पूर्ण कोरडं करा, ओलं ठेवलं की दोन दिवसांत बुळबुळीत होतं. कोरडा कपडा घातलेल्या डब्यात पाच-सात दिवस राहतं. सफरचंद, केळी, टोमॅटो शेजारी ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानांवर तांबूस डाग पडतात. धुतल्याने सगळे जंतू जात नाहीत, म्हणून प्र. ९ महत्त्वाचा.

२२. आमच्याकडे सॅलड कोणी खात नाही, मग लावून काय करू?

कोबीची पचडी करता तशी करा. बारीक चिरून दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, वरून हिंग-मिरचीची फोडणी, आणि लगेच वाढायचं, ठेवलं की पाणी सुटतं. मोठ्या पानात मटकीची उसळ भरून गुंडाळी केली तर मुलं दोन-दोन खातात.

२३. दोन जाती शेजारी आहेत, बी धरलं तर तसंच उगवेल का?

जवळजवळ तसंच. लेट्यूसचं फूल स्वतःच स्वतःचं परागीकरण करतं, त्यामुळे मिसळ क्वचितच होते, दहा-बारा फूट अंतर ठेवलं तर पुरे. बी कोणत्या रोपाचं धरायचं हे जास्त महत्त्वाचं: सगळ्यात आधी फुलावर गेलेलं रोप उपटून टाका आणि सगळ्यात शेवटी गेलेल्याचं बी ठेवा. तीन-चार फूट दांडा, पिवळी बारीक फुलं, आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी म्हातारीसारखा कापूस दिसला की दांडा कागदी पिशवीत झटकायचा. सगळं एकदम पिकत नाही, एक दिवसाआड झटकत राहा. कोरड्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं.

२४. बाबांना रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यांनी खाल्लं तर चालेल?

गोळी कुठली ते बघा. वॉरफरिन असेल तर नीट लक्ष द्या, कारण रोमेनमध्ये व्हिटॅमिन के भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि ते त्या गोळीच्या उलट काम करतं. बंदच करा असं नाही, पण कधी काहीच नाही आणि जानेवारीत कुंड्या भरल्या म्हणून रोज वाडगाभर, असं झालं की गोळीचा हिशोब चुकतो. हंगाम सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, आठवड्याला साधारण किती खाणार ते सांगा आणि मग तेवढंच प्रमाण ठेवा.